शुगर निघाली, आता कुठं जायचं? मराठवाड्यातल्या नव्या मधुमेहींसाठी शिबिरं, संस्था आणि परिषदांची वाट

शिबिरात बोट टोचलं, यंत्रावर २६० आकडा आला, टेबलापलीकडच्या ताईंनी तो चिठ्ठीवर लिहून दिला आणि "डॉक्टरांना दाखवून घ्या" म्हणाल्या. अनेकांना आपला मधुमेह असाच कळतो. मग ती चिठ्ठी देवळीत जाते आणि तिथंच राहते, कारण दुखत-खुपत काही नसतं. "मला काईच होईना, मग गोळी कशाला खायची?" हा प्रश्न इथूनच येतो.

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले. देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर, असा तो अंदाज आहे. म्हणजे तुम्ही एकटे नाही. पण गर्दी एवढी आहे की तुम्हाला शोधत कुणी दारात येईल, ही आशाही धरू नका. शिबिर एका दिवसाचं असतं आणि आजार आयुष्यभराचा. त्यामुळे शिबिर किती मोठं होतं यापेक्षा पुढच्या महिन्यात तुम्ही कुठं गेलात, याला जास्त महत्त्व आहे.

आधी आकडा पक्का करा

शिबिरातलं छोटं यंत्र अंदाज देतं, निदान करत नाही. निदानासाठी शिरेतलं रक्त लागतं. आठ तास पोटात पाण्याशिवाय काही नसताना साखर १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी (ही तपासणी काय ते खाली दिलं आहे) ६.५ टक्के किंवा जास्त, या मर्यादा आहेत. काही त्रास नसेल तर एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसरी तपासणी करून खात्री करतात. मात्र खूप तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं अशी लक्षणं असतील आणि कोणत्याही वेळची साखर २०० च्या वर असेल तर तेवढं पुरतं.

शिबिरातला आकडा चुकण्याची कारणं साधी असतात. हाताला उसाचा रस, गूळ, आंबा किंवा प्रसादाची बुंदी लागलेली असेल तर बोटावरची साखरच मोजली जाते. हात साबणानं धुऊन कोरडे केल्याशिवाय बोट पुढं करू नका. दुसरं कारण म्हणजे उन्हात तापलेल्या पट्ट्या. मे महिन्यात पत्र्याच्या मांडवाखाली पट्ट्यांची डबी उघडी पडली असेल तर त्या आकड्याचा भरवसा धरू नये. आणि घरून निघताना अर्धा कप चहा घेतला असेल तर "उपाशी आहे" असं सांगू नका. तो चहा लपवल्यानं तुमचाच कागद चुकतो.

एचबीएवनसी ही मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी आहे. तिला उपाशी जावं लागत नाही. पण अंगात रक्त कमी असेल तर ती फसवते. लोहाच्या कमतरतेत आकडा खोटा वर जाऊ शकतो, सिकलसेलमध्ये भलताच येऊ शकतो. पंडुरोग असलेल्या बायकांनी आणि सिकलसेल असलेल्या कुटुंबांनी हे डॉक्टरांना आधी सांगावं.

एका बाबतीत चिठ्ठी, शिबिर, दुसरी तपासणी काहीच थांबवायचं नाही. लहान मूल सारखं पाणी पितंय, पुन्हा अंथरुणात लघवी करायला लागलंय, आठ-पंधरा दिवसांत वाळलंय, उलट्या किंवा पोटदुखी आहे, श्वास जोरात चाललाय, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. हा टाइप १ मधुमेह असू शकतो. त्यात शरीरात इन्सुलिन बनणंच जवळपास थांबतं आणि एक रात्रही महाग पडते. "जंत झाले असतील", "बाहेरचं असेल" यात दिवस घालवू नका.

पहिलं नाव सरकारी दवाखान्यात नोंदवा

संस्था, मेळावे हे नंतर. आधी नाव अशा ठिकाणी नोंदलं गेलं पाहिजे जिथं दर महिन्याला गोळी मिळते. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. त्याखाली जिल्हा रुग्णालयात आणि ग्रामीण रुग्णालयात एनसीडी, म्हणजे बीपी-शुगरसारख्या असंसर्गजन्य आजारांचं, क्लिनिक असतं. तिसावं वर्ष ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासणी गावपातळीवर व्हायला हवी, त्यासाठी आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात. तुमचा फॉर्म भरला नसेल तर आशाताईंना स्वतः सांगा किंवा उपकेंद्रात जा. उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, दारावर तीच पाटी असते.

जाताना आधार कार्ड, आधीचे सगळे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं (नुसती नावं नको, पाकिटंच) आणि एक दोनशे पानी वही न्या. आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य-ओळखीचा नंबर) काढला नसेल तर तिथंच काढून मागा. केसपेपर पावसात भिजतो, हरवतो. वहीच्या पहिल्या पानावर नाव, वय, निदान कधी झालं, कोणत्या गोळ्या आणि कशाची अ‍ॅलर्जी आहे, एवढं लिहिलं की कोणत्याही डॉक्टरपुढं काम सोपं होतं.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय यात येतात. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर आणि नांदेडची वैद्यकीय महाविद्यालयं ही वेगळ्या खात्याखाली, म्हणून तिथं फीचं आधी विचारून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दलही घोळ होतो. ती मुख्यतः भरती होऊन होणाऱ्या उपचारांसाठी आणि डायलिसिससारख्या गोष्टींसाठी आहे. रोजची गोळी तिच्यातून मिळत नाही. औषध बाहेरून घ्यावं लागलंच तर जनऔषधी केंद्रात तेच औषध बरंच स्वस्त मिळतं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. बीड, धाराशिव, जालन्यातली कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यातच परततात. निघायच्या आठ दिवस आधी क्लिनिकमध्ये सांगा की कोयता घेऊन चाललोय. जास्तीत जास्त जितक्या दिवसांची गोळी मिळेल तितकी मागा, चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोन फोनमध्ये ठेवा आणि संपायच्या आधी कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तो फोटो दाखवा. फडात काम दिवसभर आणि जेवण अवेळी. म्हणून "काम जड आहे, जेवण उशिरा होतं" हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर अशा कामात साखर एकदम उतरू शकते.

शिबिर, मेळावा आणि परिषद यांतला फरक

फलकावर तिन्ही शब्द मोठ्या अक्षरात असतात, म्हणून लोक गोंधळतात. शिबिर तपासणीसाठी असतं. मेळावा रुग्ण आणि घरच्यांसाठी असतो, त्यात भाषणं, प्रश्नोत्तरं, आहाराची माहिती. परिषद बहुतेक वेळा डॉक्टरांची असते.

भारतातल्या मधुमेह-संशोधकांची आणि डॉक्टरांची सगळ्यात मोठी संघटना आरएसएसडीआय, १९७२ साली स्थापन झालेली. तिची दरवर्षी राष्ट्रीय परिषद होते, राज्यशाखांच्याही होतात. तिथली नोंदणी, फी, व्याख्यानं सगळं डॉक्टरांसाठी आहे. रुग्णानं प्रवासखर्च करून तिथं जाण्यात अर्थ नाही. पण परिषद तुमच्या शहरात असेल तर आयोजकांना फोन करून एवढंच विचारा, "लोकांसाठी खुलं सत्र ठेवलंय का?" कधी कधी ठेवतात, आणि एरवी ज्यांच्या दारात दोन तास बसावं लागतं त्या डॉक्टरांना तिथं प्रश्न विचारता येतो. जागतिक पातळीवर इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशन आहे. १९५० साली स्थापन झालेली, मुख्यालय ब्रसेल्सला. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिची जागतिक परिषद बँकॉकला झाली. आपल्याला तिचा थेट उपयोग म्हणजे तिनं तयार केलेलं, मोफत मिळणारं माहितीचं साहित्य आणि १४ नोव्हेंबर.

१४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन. इन्सुलिनच्या शोधातले फ्रेडरिक बँटिंग यांचा हा जन्मदिवस, साल १८९१. दिवस पाळायला सुरुवात झाली १९९१ साली, संयुक्त राष्ट्रांनी मान्यता दिली २००६ च्या डिसेंबरमध्ये. निळं वर्तुळ हे त्याचं चिन्ह. बहुतेक सगळी शिबिरं याच आठवड्यात होतात, आणि मराठवाड्यापुरती हीच अडचण आहे. तोवर ऊसतोडीची माणसं गाव सोडून गेलेली असतात, रब्बीची पेरणी चालू असते, आणि बालदिन असल्यामुळे शाळांची सभागृहं अडकलेली असतात. ज्यांना तपासणीची सगळ्यात जास्त गरज, तेच त्या दिवशी गावात नसतात. शिबिर भरवणाऱ्यांनी १४ नोव्हेंबरला व्याख्यान ठेवावं आणि तपासणी दसऱ्याच्या आधी उरकावी. पितृपंधरवड्यात लोक गावातच असतात.

तुमच्यासाठी कोणती संस्था

हे मधुमेहाच्या प्रकारावर आणि वयावर अवलंबून आहे.

मूल टाइप १ असेल तर छत्रपती संभाजीनगरची "उडान" ही संस्था सगळ्यात जवळची. ती टाइप १ मधुमेहाच्या मुलांसाठीच काम करते. मुंबईत जुवेनाईल डायबेटिस फाउंडेशन आहे. "चेंजिंग डायबेटिस इन चिल्ड्रन" हा २००९ साली सुरू झालेला आंतरराष्ट्रीय कार्यक्रम भारतातही चालतो. परवडत नसलेल्या घरातल्या मुलांना त्यातून नोंदणीकृत केंद्रांमार्फत इन्सुलिन आणि तपासणीचं साहित्य मोफत मिळतं. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना थेट विचारा की जवळचं केंद्र कोणतं. नोंदणीला मुलाचा जन्मदाखला, निदानाचे कागद, रेशनकार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला सोबत असू द्या. दाखला नसल्यामुळे दुसरा हेलपाटा पडतो, आणि हिंगोली किंवा किनवटहून एक हेलपाटा म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी.

टाइप १ च्या तरुण मुला-मुलींसाठी ब्लू सर्कल डायबेटिस फाउंडेशन आहे. ती मधुमेह असलेल्या लोकांनीच उभी केली आहे आणि एकमेकांना आधार हा तिचा गाभा. लग्न, नोकरी, हॉस्टेल, पाळी, हे प्रश्न डॉक्टरपुढं निघत नाहीत, पण ज्याला त्याच वाटेनं जावं लागलंय त्याच्यापुढं निघतात.

टाइप २, म्हणजे इन्सुलिन बनतं पण पुरत नाही किंवा नीट लागू पडत नाही असा मोठ्यांमधला नेहमीचा मधुमेह. त्यासाठी मुंबईत, माहीमला, १९५५ साली स्थापन झालेली डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही जुनी संस्था आहे. पण परभणीच्या माणसाला महिन्याला मुंबई गाठता येत नाही. त्याच्या उपयोगाचं म्हणजे तालुक्यातला छोटा मदत गट. असला तर जोडून घ्या, नसला तर कसा सुरू करायचा ते शेवटी दिलं आहे.

संस्था पारखायची कशी? तीन गोष्टी विचारा. डॉक्टर कोण आहेत आणि त्यांची नोंदणी आहे का. पैसे घेतले तर पावती देतात का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चालू औषध बंद करायला सांगतात का. "मधुमेह मुळासकट बरा", "इन्सुलिनपासून कायमची सुटका" अशी जाहिरात असेल तर मागं फिरा. औषधं आणि चमत्कारी उपाय यांच्या जाहिरातींबाबतचा १९५४ चा कायदा मधुमेह बरा करण्याच्या दाव्याची जाहिरात करायला मनाई करतो. टाइप २ मध्ये वजन उतरवून काही जणांची साखर औषधाशिवाय ताब्यात राहते हे खरं आहे. त्याला शास्त्रीय व्याख्याही आहे: औषध बंद करून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीएवनसी ६.५ च्या खाली. पण त्यानंतरही तपासणी सोडायची नसते. दिवसातून दोनदाच जेवायच्या पद्धतीचा मराठवाड्यात मोठा बोलबाला आहे. ती धरायची असेल तर डॉक्टरांना सांगूनच धरा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन तेवढंच ठेवून जेवण कमी केलं तर साखर धोकादायक उतरते. आणि टाइप १ मध्ये इन्सुलिन बंद करणं म्हणजे जिवाशी गाठ.

जायच्या आदल्या रात्री

मेळाव्याला जाताना लोक नवे कपडे घालतात आणि गोळ्यांचं पाकीट घरी विसरतात. पिशवीत हे भरा: वही, सगळे रिपोर्ट, दिवसभराच्या आणि वर एका जादा दिवसाच्या गोळ्या, पाण्याची बाटली, दोन ज्वारीच्या भाकरी आणि कोरडी भाजी किंवा शेंगदाण्याची चटणी, आणि साखरेची पुडी. यातली साखरेची पुडी तर विसरायचीच नाही.

कारण हे: कार्यक्रम अकराचा असतो, पाहुणे बाराला येतात, सत्कार एकपर्यंत चालतात आणि जेवण अडीचला मिळतं. सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन बसलेल्या माणसाला मध्येच घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यापुढं अंधारी येते. साखर ७० च्या खाली गेली की तीन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं, उतरलेलीच असेल तर पुन्हा तेवढीच. मग काहीतरी खायचं. बिस्किट, पेढा, चॉकलेट यात तूप-तेल असल्यानं साखर हळू चढते, पहिल्या उपचाराला ते कामाचं नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीच घालू नका, १०८ ला फोन करा.

इन्सुलिन नेताना उन्हाचा विचार आधी. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशात ठेवायची, उघडलेली साधारण २८ दिवस ३० अंशांच्या खाली चालते. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढं असतो आणि बंद गाडी किंवा एसटीच्या टपावरचं सामान त्याहून तापतं. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत, ती ओल्या सुती फडक्यात, ते हातातल्या पिशवीत. बर्फाला थेट टेकवू नका. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी निकामीच. घरी फ्रीज नसेल किंवा भारनियमन असेल तर मोठ्या माठात ओली वाळू, तिच्यात छोटं मडकं, मडक्यात बाटली, वर ओलं फडकं, आणि वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हे छान चालतं. पावसाळ्यात दमट हवेमुळे तेवढा गारवा येत नाही, पण तेव्हा उष्माही कमी असतो.

डोळ्यांची तपासणी जाहीर केलेली असेल तर घरातल्या कुणालातरी सोबत घ्या. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास उजेड सोसत नाही आणि धूसर दिसतं. मोटारसायकल चालवत परत यायचं नाही.

तिथं पोचल्यावर

साखर तपासण्याची रांग सगळ्यात लांब असते आणि पायांच्या टेबलापाशी कुणी नसतं. तुम्ही उलटं करा. साखर गावातही तपासता येते. पायाची नीट तपासणी, डोळ्याचा पडदा, लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) या वर्षातून एकदा व्हायलाच हव्यात, आणि त्याच फार राहून जातात. पायाला १० ग्रॅमचा दाब देणारा नायलॉनचा बारीक धागा टेकवतात. डोळे मिटून तो कुठं टेकला ते सांगायचं. लागलंच नाही तर पायाची जाणीव गेली आहे असं समजा. असा पाय घेऊन अनवाणी शेतात, मे महिन्यात मंदिराच्या फरशीवर किंवा दिंडीत चाललं की भाजलेलं, रुतलेलं कळत नाही. परळी, तुळजापूरला दर्शनाला जाणाऱ्यांनी मोजे घालूनच आवारात जावं आणि घरी आल्यावर तळवे आरशात बघावेत.

व्याख्यानानंतर प्रश्न विचारायला दोन मिनिटं मिळतात. "शुगर कमी कशी करायची?" या प्रश्नाला उत्तरही तसंच मोघम येतं. वहीत आधी लिहून न्या: माझी उपाशीपोटी १७०, जेवणानंतर २४०, या या गोळ्या, तीन महिने झाले, आता काय बदलायला हवं? आकडे दिले की डॉक्टरांना उत्तर देता येतं. बहुतेकांसाठी जेवणाआधी ८० ते १३०, जेवण सुरू केल्यावर दोन तासांनी १८० च्या खाली आणि एचबीएवनसी ७ च्या खाली हे लक्ष्य असतं. वय जास्त असेल किंवा हृदयाचा, किडनीचा त्रास असेल तर ते सैल ठेवतात. तुमचं लक्ष्य कोणतं ते विचारून वहीत लिहून घ्या.

कंपन्यांच्या टेबलांवर फुकट यंत्र मिळतं. घ्या, पण त्याच्या पट्ट्या तुमच्या तालुक्यात मिळतात का आणि पन्नासची डबी केवढ्याला, हे आधी विचारा. यंत्र फुकट असलं तरी खर्च पट्ट्यांचाच असतो. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा, उघडल्यानंतर ठरावीक महिनेच ती चालते.

संस्थेकडून इन्सुलिन मिळालं तर घरी यायच्या आधी तीन गोष्टी बघा. मुदत. रंग, कारण साधं रेग्युलर इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ हवं आणि ३०/७० हे मिश्र इन्सुलिन मात्र दुधाळच असतं. आणि ताकद. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्या मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात, त्यांना लाल टोपणाची सिरिंज. इन्सुलिन-पेनाचं काडतूस १०० युनिटचं असतं, आणि १०० ची सिरिंज नारिंगी टोपणाची. ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजवर २० चा आकडा भरला तर अंगात आठच युनिट जातात. उलट, काडतुसातलं इन्सुलिन लाल सिरिंजनं २० पर्यंत ओढलं तर ५० युनिट जातात आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. दान आलेल्या साहित्यात दोन्ही प्रकार मिसळलेले असतात, म्हणून हे टोपण प्रत्येक वेळी बघायचंच.

तालुक्यात मदत गट सुरू करताना

दहा-बारा माणसं पुरतात. पंचवीसच्या वर गेली की बायका मागं बसतात आणि चार-दोन पुरुषच बोलतात. दिवस आठवडी बाजाराचा ठेवा, कारण त्या दिवशी खेड्यातली माणसं तशीही तालुक्याला येतात. महिन्यातून एकदा, सव्वा तास. जागा ग्रामपंचायतीचं सभागृह किंवा शाळेचा वर्ग, पायऱ्या कमी असलेली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी कळवा आणि एका परिचारिकेला किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला दर वेळी बोलवा.

सुरुवातीला नोंदणी लागत नाही. दोन-तीन महिने सलग चालला, पैसे किंवा देणग्या यायला लागल्या की मग संस्था नोंदवा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि सोबत १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद. आधी नोंदणी आणि मग माणसं शोधायची असं केलं की पदांवरून भांडणं होतात आणि गट सुरूच होत नाही.

बैठकीचा क्रम साधा ठेवा. पहिली वीस मिनिटं ज्यांना हवं त्यांची तपासणी, मग एकाच विषयावर पंधरा मिनिटं, बाकी वेळ बोलणं. विषय महिन्याप्रमाणे निवडा. नवरात्राच्या आधी उपवास, कारण साबुदाणा साखर झपाट्यानं चढवतो. रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी रोजा धरणाऱ्यांची डॉक्टरांशी भेट, सहेरी-इफ्तारप्रमाणे औषधांच्या वेळा आणि मात्रा बदलून घेण्यासाठी. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर पाय आणि चपला. मार्चमध्ये परीक्षा: टाइप १ च्या मुलांना परीक्षेत यंत्र, इन्सुलिन, खाऊ जवळ ठेवू द्यावा, असं राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं मार्च २०२३ मध्ये शिक्षण मंडळांना कळवलं आहे. पालकांनी डॉक्टरांचं पत्र जोडून मुख्याध्यापकांना महिनाभर आधी अर्ज द्यावा. परीक्षेच्या सकाळी वाद घालण्यात मुलाचाच वेळ जातो.

गटानं कधी चाळीस जणांचं तपासणी शिबिर घ्यायचं ठरवलं तर पट्ट्या पन्नास आणा, काही वाया जातातच. सुया पन्नास, प्रत्येकाला नवी, एकदाच वापरायची आणि आपोआप आत जाणारी. पेनासारखं टोचणी-यंत्र अनेकांना वापरू नका, सुई बदलली तरी नाही, कारण रक्ताचा अंश पेनाच्या टोकालाही लागतो आणि त्यातून हिपॅटायटिस बी पसरू शकतो. यंत्रं दोन ठेवा. एका यंत्रावर तासाला साधारण वीस जण होतात, हात धुणं आणि नोंद धरून. वापरलेल्या सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम शिबिरालाही लागू आहेत, म्हणून हा कचरा कोण नेणार हे आरोग्य केंद्राशी आधीच ठरवा. घंटागाडीत टाकलेली सुई सफाई कामगाराच्या हातात रुतते.

गट कशानं मोडतो, तेही बघून ठेवा. चहा. आयोजक प्रेमानं साखरेचा चहा आणि मारी बिस्किटं ठेवतात आणि नको म्हणायला संकोच वाटतो. बिनसाखरेचा चहा आणि भाजलेले फुटाणे ठेवा, वेगळी किटली नको, सगळ्यांना एकच. दुसरं, व्हॉट्सअ‍ॅप. कारल्याचा रस, भेंडीचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड यांचे निरोप इतके येतात की बैठकीची तारीखच दिसत नाही. निरोप फक्त दोघांनाच टाकता येतील असं ठेवा. तिसरं, गोळ्यांची देवाणघेवाण. "माझी घेऊन बघ, मला लागू पडली" हे गटात चालणार नाही, पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा. किडनी कमजोर असलेल्या माणसाला दुसऱ्याची गोळी फार महाग पडते. औषधाची मात्रा गट ठरवत नाही, डॉक्टर ठरवतात.

दुसऱ्या बैठकीला माणसं निम्मी होतात. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला फोन करा, निरोप नको, फोनच, आणि सोबत घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या बाईलाही बोलवा. भाकरी किती, वरणात तेल किती, हे तिच्याच हातात असतं, आणि अनेकदा तिची स्वतःची शुगर कुणी कधी तपासलेली नसते. बैठकीत पहिलं बोट तिचंच टोचा.